पक्षाचं नाव नसलेली मतपत्रिका आणि मक्याच्या राज्यातले शेतकरी



मक्यावरच्या लष्करी अळीच्या कार्यक्रमासाठी मागे एका गावी गेलो होतो. कामगंध सापळे कसे लावायचे, पोंग्यात फवारा कसा सोडायचा, हे सांगून झालं आणि चहा आला. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे चहाबरोबर विषयही तोच निघाला. एका जुन्या बागायतदारानं मलाच घेरलं. "साहेब, ही अळी अमेरिकेकडून आली म्हणता. मग तिकडं मका करणारा शेतकरी आपला आमदार कसा पारखतो, ते पण सांगा की!" मंडळी हसली. मला मात्र उत्तर देता आलं नाही.

ते उत्तर शोधायला बसलो आणि बरंच काही हाती लागलं. आधीच सांगतो, मी सरकारी नोकर आहे. इथल्या कुणाला निवडा आणि कुणाला पाडा हे सांगणं माझ्या सेवेच्या नियमात बसत नाही, आणि माझ्या स्वभावातही नाही. पण उमेदवार एकमेकांशी कसे ताडून पाहावेत याची एक पद्धत परक्या मुलखात पाहायला मिळाली, ती तुमच्यापुढं ठेवायला कुणाची हरकत नसावी.

अमेरिकेच्या ऐन मध्यावर नेब्रास्का नावाचं राज्य आहे. क्षेत्रफळ सुमारे २ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. लोकसंख्या मात्र २०२० च्या गणनेनुसार १९ लाख ६१ हजार! आपले कितीतरी जिल्हे याहून मोठे आहेत. शेतकऱ्यांची खातीही थोडकीच, सुमारे ४५ हजार, आणि एकेका शेताची सरासरी हजार एकराच्या आसपास. मका, सोयाबीन आणि गुरं हा तिथला मुख्य व्यवसाय. मक्याचा उतारा एकरी ४५ क्विंटलच्या घरात पडतो. माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत, तीही तिप्पट. जमिनीखाली ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा, आणि त्यावर चालणारं बरंचसं ओलीत.

आता निवडणुकीकडे येऊ. आपल्याकडे विधानसभेचं तिकीट कुणाला, हे पक्षाचे पुढारी ठरवतात. ए-बी फॉर्म कुणाच्या खिशात पडला हे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कळत नाही, आणि तोवर मतदार टाळ्या वाजवण्यापलीकडे काही करू शकत नाही. अमेरिकेत पूर्वी असंच होतं. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांनी रेटा लावल्यामुळे १९०४ साली मतदारांनी नवा कायदा मान्य केला आणि उमेदवार ठरवण्याचा हक्क पुढाऱ्यांच्या बैठकीतून उठून मतपेटीत आला. खरी निवडणूक नोव्हेंबरात. त्याआधी काही महिने ही चाळणी निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. बहुतेक राज्यांत प्रत्येक पक्षाची प्रायमरी वेगळी असते. सोप्या भाषेत सांगायचं तर ए-बी फॉर्म कुणाला द्यायचा हे मतदारच ठरवतात.

नेब्रास्कानं याच्या पुढची उडी मारली. तिथं विधिमंडळाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापत नाहीत. नुसती उमेदवारांची नावं. यामागे जॉर्ज नॉरिस हे पुढारी होते. ते स्वतः रिपब्लिकन पक्षाचे, राष्ट्रीय सिनेटवर निवडून गेलेले. त्यांचं म्हणणं असं, की गावाकडचा रस्ता, शाळा आणि पाणी या गोष्टींचा राजधानी वॉशिंग्टनच्या पक्षीय भांडणाशी काय संबंध? आणि दोन सभागृहं तरी कशाला? दोन्हीकडून निवडलेली चार माणसं बंद दाराआड बसून कायद्याचं काय करतात, हे कुणालाच कळत नाही. १९३४ साली ते गावोगाव मोटार घेऊन फिरले. या प्रचारात मोटारीच्या टायरचे दोन जोड झिजले असं तिथं सांगतात. मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. (त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा आणि घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावू देण्याचाही प्रश्न होता, तेही पास झाले. नॉरिस यांच्या यशात या दोन्हींचा किती वाटा, हा विनोद तिथंही चालतो.) १३३ सदस्यांची दोन सभागृहं जाऊन १९३७ मध्ये ४३ सदस्यांचं एकच सभागृह बसलं. आता सदस्य ४९ आहेत. त्यांना सिनेटर म्हणतात, आपण आमदार म्हणू.

४९ आमदार आणि साडेएकोणीस लाख माणसं, म्हणजे एका आमदारामागे ४० हजार लोक. आपल्या जिल्हा परिषदेच्या गटाएवढा मतदारसंघ झाला. उमेदवाराला ओळखणारा, त्याच्या बांधाला लागून शेती असणारा माणूस मतदारसंघात सहज सापडतो. तरीपण पक्षाचं नाव नसल्यावर मतदार अडतोच, कारण नाव पाहून पटकन शिक्का मारण्याची सोय जाते आणि माणूस पाहावा लागतो.

चाळणी अशी चालते. सम वर्षात मे महिन्यात प्रायमरी. एका जागेला पाच उमेदवार असोत की सात, सर्वांची नावं एकाच यादीत. जास्त मतं मिळवणारे पहिले दोघे नोव्हेंबरच्या फडात जातात, बाकीचे घरी. एखाद्याला मे महिन्यात साठ टक्के मतं मिळाली तरी तो निवडून येत नाही. दुसऱ्याशी त्याला पुन्हा भिडावंच लागतं. दोघेही एकाच पक्षाचे निघाले तरी चालतं. गंमत पाहा, मे महिना म्हणजे तिथं मक्याची पेरणी आणि नोव्हेंबर म्हणजे काढणी उरकण्याचा काळ. पीक शेतात उभं असतं तेवढेच महिने ते दोन उमेदवारही लोकांच्या नजरेखाली उभे असतात.

आपली ग्रामपंचायतीची निवडणूकही कागदावर अशीच आहे. पक्षाचं चिन्ह नाही, मुक्त चिन्हं. आणि निकालाच्या संध्याकाळी काय होतं तेही तुम्ही जाणता. प्रत्येक पक्ष "आमचेच इतके सरपंच" म्हणून आकडे देतो आणि बेरीज केली तर गावांपेक्षा सरपंच जास्त भरतात! नेब्रास्कातही कोण कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना माहीत असतं. पक्ष पैसा पुरवतात, पत्रकं वाटतात. नॉरिस यांचा बेत शंभर टक्के साधला असं कुणी म्हणू नये. पण मतपत्रिकेवर पक्ष नसल्यामुळे एक फरक पडला. दोन उमेदवारांना एकच प्रश्न विचारून उत्तरं शेजारी शेजारी मांडायची सवय तिथल्या बऱ्याच मतदारांना लागली.

तिथला सर्वांत जळजळीत प्रश्न म्हणजे जमिनीवरचा कर. आपला शेतसारा म्हणजे चहापाण्याचा खर्च. तिथं तसं नाही. गावची शाळा मुख्यतः मालमत्ता कराच्या पैशावर चालते आणि या कराचा निम्म्याहून जास्त भाग शाळांनाच जातो. शेतजमिनीचं मूल्य बाजारभावाच्या ७५ टक्के धरतात. समजा, जमिनीचा भाव एकरी ८ हजार डॉलर, तर ६ हजारांवर कर. २००७ नंतर काही वर्षांत मक्याला भाव आला, जमिनीचे भाव चढले आणि कर वाढला. पुढे मक्याचा भाव पडला, पण कराचं बिल काही त्या वेगानं उतरलं नाही. पीक बुडालं तरी जमीन जागेवर आहे, म्हणून कर आहेच. शिवाय खेड्यातल्या शाळेच्या हद्दीत जमीन भरपूर म्हणजे गाव श्रीमंत, असा हिशेब धरून राज्याची समानीकरणाची मदत अनेक ग्रामीण शाळांना मिळतच नव्हती. हजार एकराचा मालकही मेटाकुटीला आला तो यामुळे.

तेव्हा झाडून सगळे उमेदवार म्हणतात, "मी मालमत्ता कर कमी करीन." एकानं तसं म्हटलं नाही तर तो निवडून येणारच नाही. सर्वांचं उत्तर एकच असेल तर तुलना कशी करायची? इथं तिथल्या जाणत्या शेतकऱ्यानं दुसरा प्रश्न शोधून काढला आहे, "कमी केलेला पैसा भरून कुठून काढणार?" या प्रश्नावर उमेदवार फाकतात. एक म्हणतो, विक्रीकर वाढवू. राज्याचा विक्रीकर साडेपाच टक्के आहे आणि शेतीची अवजारं, बियाणं यांना त्यातून सूट आहे. मग ती सूट ठेवणार की काढणार? जमिनीवर शंभर डॉलर वाचवून ट्रॅक्टरवर हजार डॉलर भरायचे असतील तर त्यात शेतकऱ्याचं भलं कुठं? दुसरा म्हणतो, खर्च कमी करू. मग कोणती शाळा बंद करणार, तिचं नाव सांग. तिसरा म्हणतो, राज्याच्या तिजोरीतून शाळांना मदत वाढवू. मग ओमाहा आणि लिंकन या शहरांचे आमदार त्याला मत देतील का?

हे नुसतं बोलणं नव्हे. २०२४ च्या उन्हाळ्यात राज्यपाल जिम पिलेन यांनी याच एका प्रश्नासाठी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. पिलेन हे स्वतः डुकरांचा मोठा व्यवसाय करणारे. त्यांच्या योजनेत विक्रीकराच्या अनेक सवलती काढून घ्यायच्या होत्या. जुलैअखेर सुरू झालेलं अधिवेशन २० ऑगस्टला संपलं आणि मूळ योजनेचा बराचसा भाग गळून एक लहान कायदा हाती आला. त्यात कुणी कोणत्या कलमाला हात वर केला याची नोंद नावानिशी आहे. नोव्हेंबरात मत मागायला आलेल्या विद्यमान आमदाराला ती नोंद पुढं टाकून विचारता येत होतं.

आणि ही नोंद पाहायला मिळते, हेच मला सर्वांत मोलाचं वाटलं. तिथं प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते. एकही सुटत नाही. कोणताही नागरिक लिंकनला जाऊन समितीपुढं बसून आपलं म्हणणं मांडू शकतो. सभागृहातली भाषणं शब्दश: उतरवलेली असतात, मतं नावानिशी छापलेली असतात.

पण नवख्या उमेदवाराचं काय? २००० साली तिथल्या मतदारांनी असा नियम केला की सलग दोन मुदतींनंतर, म्हणजे आठ वर्षांनंतर, आमदारानं निदान चार वर्षं घरी बसायचं. ओमाहाचे अर्नी चेंबर्स १९७१ पासून निवडून येत होते, त्यांनाही २००९ मध्ये उठावं लागलं. २०१३ मध्ये ते परत आले ही गोष्ट वेगळी. या नियमामुळे कित्येक जागी सगळेच उमेदवार नवे असतात, कुणाच्याही नावावर मतांची नोंद नसते. अशा वेळी मतदार खालच्या पायरीकडे पाहतात. हा शाळा समितीवर होता का? कौंटीच्या मंडळावर होता का? आणि मुख्य म्हणजे पाण्याच्या मंडळावर होता का?

हे पाण्याचं मंडळ समजून घेण्यासारखं आहे. राज्यात नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे २३ नैसर्गिक साधनसंपत्ती जिल्हे आहेत, १९७२ पासूनचे. त्यांचं मंडळ लोकांतून निवडलेलं. भूजलाचा उपसा किती करायचा हे ठरवण्याचा अधिकार या मंडळाला आहे. नैर्ऋत्येकडच्या रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात तर सिंचनाच्या विहिरींना मीटर बसवलेले आहेत आणि एकराला इतके इंच पाणी, असं माप ठरवून दिलेलं आहे. कारण १९४३ च्या करारानुसार त्या नदीचं पाणी खालच्या कॅन्सस राज्याला पोचवावं लागतं, आणि ते कमी पडलं म्हणून कॅन्ससनं नेब्रास्काला सर्वोच्च न्यायालयात खेचलेलं आहे. आता विचार करा. या मंडळावर बसलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेजाऱ्याच्या, चुलतभावाच्या विहिरीवर माप लावावं लागतं. स्वतःच्याही. अशा बैठकीत तो काय बोलला, कुणाकडे पाहून गप्प बसला, मतदानाच्या दिवशी आजारी पडला का, यावरून माणूस जेवढा कळतो तेवढा शंभर भाषणांतून कळत नाही.

आपण पेरणीआधी सोयाबीनची उगवण तपासतो ना, तसंच हे. पिशवीवरचं चित्र कितीही टवटवीत असो, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून सत्तर उगवले तरच ते बी पेरायचं.

पिशवीवरच्या लेबलाचा विषय निघाला म्हणून सांगतो, तिथं शेतकरी संघटनाही उमेदवारांवर शिक्के मारतात. नेब्रास्का फार्म ब्युरो ही मोठी संघटना काही उमेदवारांना 'शेतीचा मित्र' म्हणून जाहीर करते. गुरं पाळणाऱ्यांची संघटना आपला पाठिंबा वेगळा देते. हा शिक्का उपयोगी आहे, पण तो देणाऱ्याचेही हितसंबंध असतात. मोठ्या मक्यावाल्याचं हित आणि टेकडीवर दोनशे गाई राखणाऱ्याचं हित दर वेळी एक असेलच असं नाही. पैशाचंही तसंच. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमवली किंवा खर्च केली की उमेदवाराला सरकारी आयोगाकडे नोंदणी करून देणगीदारांचा हिशेब द्यावा लागतो. देणगीवर मात्र कमाल मर्यादा नाही. म्हणजे कुणी किती ओतले ते कळतं, ओतणं थांबत नाही. मला विचाराल तर ही मोठीच फट आहे.

उन्हाळ्यात कौंटीच्या जत्रा भरतात, ऑगस्टअखेर ग्रँड आयलंडला राज्याची मोठी जत्रा, सप्टेंबरात तिथंच शेती अवजारांचं प्रदर्शन. उमेदवार गर्दीमागं येतातच. हात मिळवणं, पोरांना गोळ्या वाटणं हे आपल्यासारखंच.

पक्षाचं नाव पाहून मत दिलं तर काय सुटून जातं, याचे दोन दाखले देतो. २०१५ साली रस्ते आणि पुलांसाठी इंधनावरचा कर चार वर्षांत गॅलनमागे सहा सेंट वाढवण्याचं विधेयक आलं. आणणारा आमदार रिपब्लिकन, नकाराधिकार वापरणारे राज्यपाल पीट रिकेट्स रिपब्लिकन, आणि सभागृहात बहुमतही त्याच पक्षाचं. तरी तीस आमदारांनी राज्यपालांचा नकार उलथवून कायदा केला. कच्च्या पुलावरून धान्याचा ट्रक नेणाऱ्याला आपला आमदार त्या तिसांत होता की नव्हता, हे पक्षाच्या नावावरून कळलं नसतं.

दुसरा दाखला ४३ व्या मतदारसंघाचा. हा वाळूच्या टेकड्यांचा, गवताचा आणि गुरांचा अवाढव्य प्रदेश. २०१६ मध्ये विद्यमान आमदार अल डेव्हिस, स्वतः हायानिसचे गुरांचे शेतकरी, यांना गॉर्डनचे निवृत्त कर्नल टॉम ब्रूअर यांनी हरवलं. पुढच्याच वर्षी ब्रूअर यांनी या टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांचे प्रकल्प काही काळ थांबवण्याचं विधेयक मांडलं. पवनचक्कीचं भाडं हवं असणारा शेतकरी आणि गवताची टेकडी फोडू नका म्हणणारा शेतकरी, दोघे तिथं बांधाला बांध लावून राहतात. त्या दोघांसाठी मे महिन्यातला खरा प्रश्न पवनचक्कीचा होता, आणि तो मतपत्रिकेवर छापलेला नसतो.

इतकी सोय असून मतदार येतात किती? मे महिन्याच्या चाळणीला नोंदलेल्या मतदारांपैकी साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून कमी. पेरणीची घाई हे एक कारण, पण पुरतं नव्हे. टपालानं मत देण्याची मुभा तिथं कुणालाही आहे. आळस तिथंही आहे, दुसरं काय! आणि थोडे लोक आले की संघटित गट दोन नावं ठरवून मोकळे होतात. नोव्हेंबरात बाकीचे येतात तेव्हा त्यांच्यापुढं दुसऱ्यांनी निवडलेली जोडी उभी असते.

आपल्याकडे प्रायमरी नाही, पण कागद पाहण्याची सोय आहे. विधानसभेच्या उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचं प्रतिज्ञापत्र २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून बंधनकारक आहे आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येतं. आणि जो आज सरपंचपदासाठी किंवा जिल्हा परिषदेसाठी उभा आहे, तो आधी ग्रामपंचायतीत सदस्य असेल तर मासिक सभेच्या प्रोसिडिंग बुकात त्याची हजेरी आणि ठराव आहेतच. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणाचा, सगळं त्यात असतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला की त्याची प्रत मिळते. ग्रामसेवक मंडळींनी अर्ज पाहून कपाळाला आठ्या घालू नयेत, एवढी विनंती.

हे सगळं मी नंतर त्या गावी जाऊन त्या बागायतदारांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मेमध्ये निघतात त्या दोन नावांत आमच्या गावातल्यासारखा तीन एकर कोरडवाहूवाला कधी असतो का?"

खरं ते सांगितलं. तिथं आमदाराचा पगार १९८८ पासून वर्षाला १२ हजार डॉलरच आहे. साधा कारखान्यातला कामगारही त्याच्या तिप्पट मिळवतो. २०१२ मध्ये तो साडेबावीस हजार करायचा प्रस्ताव आला होता, तो मतदारांनीच पाडला. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि एका वर्षी ९० तर दुसऱ्या वर्षी ६० दिवस बसतं. ज्याच्या मागं शेत सांभाळायला मुलगा किंवा गडी आहे, किंवा ज्याला पेन्शन आहे, त्यालाच हे परवडतं. लहान शेतकरी फारसा उभाच राहत नाही.

त्यांनी मान हलवली. मग सापळ्यातली ल्युअर किती दिवसांनी बदलायची ते विचारलं, आणि आम्ही मक्यात गेलो.